सरपंच साहेब, गावाची दवंडी सध्या कोण देतंय?

महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच व सदस्य, ग्रामसेवक आणि गावोगावचे पोलीस पाटील यांस,

स. न. वि. वि.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर शेवटची ओळ ठरलेली असते : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. तिथवर येईतो अर्धी सभा उठून गेलेली असते आणि उरलेली अर्धी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असते. माझं म्हणणं त्या मोबाइलबद्दलच आहे. ते ऐनवेळच्या विषयांत न ढकलता छापील विषय म्हणून घ्यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी तालुक्याच्या गावी एक सेवा केंद्र चालवते. दाखले, उतारे, पीकविमा, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, केवायसी, असली कामं. टेबलापलीकडून दिवसभर माणसं आपला फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, ‘ताई, हे काय आलंय बघा जरा.’ खरं आहे का, लिंक दाबू का, पैसे कापले जातील का, रेशन बंद होणार म्हणतात ते आपलं का. ही विचारणा खरं तर ग्रामपंचायतीच्या दारात व्हायला हवी. ती माझ्याकडे येते, कारण गावातल्या फोनांत काय चाललंय याची खबर ग्रामपंचायतीला नसते. तुम्हीही त्याच ग्रुपांत असता, पण म्यूट करून. (चाळीस ग्रुपांत घेतलेल्या माणसाने दुसरं करावं तरी काय, हेही खरं.)

‘सोशल मीडिया’ म्हटलं की बरेच सरपंच हात झटकतात. ते पोरांचं काम, आपल्याला त्यातलं कळत नाही. असं म्हणणाऱ्याचा भाषणाचा फोटो त्याच संध्याकाळी त्याच्याच स्टेटसला असतो. तेव्हा आधी हे सरळ सांगते : फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे जसं सोशल मीडिया आहे, तसं तुमचं व्हॉट्सॲपही आहे. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही यांत बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ. छापलेल्या पेपरात खाली कोपऱ्यात मुद्रक-प्रकाशक-संपादकाचं नाव असतं, चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं. सोशल मीडियात प्रत्येक जण बोलणारा, प्रत्येक जण छापणारा, आणि खाली कोपऱ्यात कुणाचंच नाव नाही. फेसबुक २००४ चं, यूट्यूब २००५ चं, व्हॉट्सॲप २००९ चं, इन्स्टाग्राम २०१० चं. पण आपल्या गावांत हे खऱ्या अर्थाने आलं ते सप्टेंबर २०१६ नंतर, जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं तेव्हा. म्हणजे पेपर वाचायला शिकायला आपल्याला दीडशे वर्षं मिळाली, आणि हे शिकायला जेमतेम दोनेक पंचवार्षिक.

त्यातही दोन तऱ्हा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर तुमच्यापुढे काय यावं हे कंपनीचं यंत्र ठरवतं. तुम्ही कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिलंत, कशावर चिडून कमेंट केलीत, हे ते टिपून ठेवतं आणि तशातलंच आणखी वाढतं. फेसबुकने काही काळ रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये कंपनीतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा उघड झालं. भावकीच्या भांडणाची रील दहा जण बघतात आणि गोठ्याच्या अनुदानाची माहिती कुणीच बघत नाही, यात लोकांचा दोष आहेच, पण सगळा नाही.

व्हॉट्सॲपची तऱ्हा निराळी. तिथे निवडणारं यंत्र नाही. माणूसच माणसाला ढकलतो. एप्रिल २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरता कुलूपबंद असतो. कंपनीलाही तो वाचता येत नाही, पोलिसांनाही वाटेत पकडता येत नाही. खासगी बोलण्यासाठी ही सोय मोलाचीच आहे, ती काढा असं मी म्हणणार नाही. पण तिचा अर्थ नीट लक्षात घ्या. एखादी खोटी गोष्ट मुंबईहून निघाली, नाशिकला वळली आणि तुमच्या शिवारात शिरली, तर वाटेत तिला अडवायला कुणीही नसतं. तिची गाठ पहिल्यांदा पडते ती तुमच्या गावातल्या माणसाशीच.

हे मी हवेत बोलत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव हिंडणारा हा समाज. आपल्या आजीच्या काळी दारात गोसावी आला तर सुपातून पसाभर धान्य निघायचं. पण त्याआधी कित्येक दिवस त्या भागातल्या फोनांत एकच गोष्ट फिरत होती : मुलं पळवणारी टोळी आली आहे, ते किडन्या काढतात, अनोळखी दिसला की सावध व्हा. बाजारात गर्दी होती, अनोळखी दिसले, आणि संशयाला तेवढं पुरलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं गेलं, आणि त्या खोलीत जमावाने पाचही जणांना मारून टाकलं. मारतानाचे व्हिडिओही काढले गेले, तेही फिरले.

ते कुणीही मुलं पळवायला आले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक अनेकांना आठवत असेल : गल्लीत खेळणारी मुलं, मोटारसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. ती कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. मूळ फितीत तोच मोटारसायकलवाला शेवटी मुलाला परत आणून सोडतो आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतो. कुणीतरी तो शेवट कापला. बस, एवढंच केलं. खोट्यासाठी खोटं चित्र लागतंच असं नाही, खऱ्याचं शेपूट कापलं तरी भागतं.

राईनपाड्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ते गाव म्हणजे तुमच्याआमच्यासारखंच एक. त्याच रात्री मालेगावात जमावाने वेढलेल्या पाच जणांना पोलिसांनी महामुश्किलीने सोडवलं, त्यात एक लहान मूल होतं. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात लवंगा इथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून लाठ्याकाठ्यांनी मारहाण झाली. ते पंढरपूरच्या वाटेवर होते आणि रस्ता विचारत होते. मध्ये एप्रिल २०२० मध्ये पालघरचं गडचिंचले होऊन गेलं. तिथेही आधी चोर-दरोडेखोर आल्याच्या वावड्या उठल्या होत्या, आणि दोन साधू व त्यांचा चालक जिवानिशी गेले. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसतात, चोर टेहळणी करतात म्हणून माणसं काठ्या घेऊन जागली. त्या दिवसांत कुणाची गाडी आडवाटेला बंद पडली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करून पाहिला आहे. तुम्हीही करा.

कंपन्यांनी काही केलं नाही असं नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली, आणि भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी ढकलता येणार नाही असं केलं. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या अफवांचा कहर झाला तेव्हा, फार वेळा फिरलेला मजकूर, म्हणजे ज्यावर दोन बाण दिसतात तो, एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. याचा उपयोग झाला. पण माझ्याकडे येणारी माणसं त्यावरही तोड काढतात : मजकूर कॉपी करतात, नव्याने चिकटवतात, बाण गायब. वर ‘आपल्या तालुक्यातली ताजी घटना’ अशी ओळही घालतात. हे सगळे दुष्ट असतात असं नाही. बहुतेकांना वाटतं आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतोय. अफवा भीतीपेक्षा काळजीवर जास्त पोसली जाते, आणि म्हणून ती ढकलणाऱ्याला ‘अडाणी’ म्हणून गप्प करता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे सव्वा लाख बातम्या तपासून मार्च २०१८ मध्ये निष्कर्ष छापला होता की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त असते, आणि ते काम यंत्रांपेक्षा माणसंच करतात. ते लोक काही आपल्या पाड्यावरचे नव्हते.

आता मुद्द्यावर येते. ‘आपल्या गावात टोळी आली आहे’ हे खोटं आहे, असं दिल्लीचा मंत्री सांगू शकत नाही, कंपनी सांगू शकत नाही, सत्य-असत्य तपासणाऱ्या संस्थाही वेळेत सांगू शकत नाहीत. त्या सांगतील की हा व्हिडिओ कराचीचा आहे. पण आज सकाळी आपल्या गावातली सगळी पोरं शाळेत हजर आहेत, वेशीवर आलेले ते पाच जण डवरी गोसावी आहेत, पोलीस पाटलांनी त्यांची विचारपूस केली आहे, हे फक्त तुम्ही सांगू शकता. आणि ते सांगायचं तर लोकांच्या फोनपर्यंत पोचण्याची वाट तुमच्याकडे आधीपासून हवी. गडबड झाल्यावर ग्रुप काढून उपयोग नाही.

पूर्वी ही वाट होती. कोतवाल हलगी वाजवत चौकात यायचा आणि दवंडी द्यायचा. दवंडी कुणाची आहे ते कळायचं, कोणत्या दिवसाची ते कळायचं, आणि शंका असली तर कोतवालाला तिथेच थांबवून विचारता यायचं. आज फोनात येणाऱ्या दहा सूचनांतल्या नऊ या तिन्ही कसोट्यांवर नापास होतात. कुणाची, माहीत नाही. कधीची, माहीत नाही. विचारायचं कुणाला, तेही माहीत नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे ‘अमक्या गावात माणसं अडकली आहेत, मदत पाठवा’ असे निरोप फोनावरून धावले, त्यांनी जीव वाचवायला मदतही केली. पण तारीख-वेळ नसलेला असा निरोप माणसं बाहेर निघाल्यावरही फिरत राहतो, कारण ‘आता गरज नाही’ ही बातमी कुणी ढकलत नाही.

हे साधन वाईटच आहे असा सूर लागू नये म्हणून त्याच २०१८ सालची दुसरी गोष्ट सांगते. मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी त्या वर्षी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांत सोलापूर-सांगलीकडे आली. कृषी खात्याचं पत्रक तालुक्याला पोचून गावात उतरायला जो वेळ लागतो तो तुम्हाला ठाऊक आहे. शेतकऱ्यांनी पोंग्यात शिरलेल्या अळीचे, पानांवरच्या भोकांचे फोटो काढून आपापल्या शेतकरी ग्रुपांवर टाकले, त्यातल्या जाणकारांनी ‘डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चार ठिपके बघा’ अशी ओळख सांगितली, आणि ती ओळख बांधाबांधावर गेली. तेच फोन आणि तेच ॲप. फरक एवढाच की तिथे ‘हे काय आहे?’ असं विचारता येत होतं, उत्तर देणारा माहितीतला होता, आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

तर माझी मागणी अशी. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःची एक अधिकृत सूचनावाट ठेवावी. मी ‘ग्रुप’ म्हणत नाहीये, ते जाणूनबुजून. ग्रुपात १०२४ माणसं मावतात, चार हजारांच्या गावाला ते पुरत नाही, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. पाणी कधी येणार एवढं कळावं म्हणून एखादी बाई ग्रामपंचायतीच्या ग्रुपात येते, आणि त्या रात्रीपासून तिला कुणाकुणाचे ‘शुभ रात्री’ आणि ‘जेवण झालं का’ सुरू होतात. ती तक्रार करत नाही. गुपचूप ग्रुप सोडते, किंवा नवरा तिला सोडायला लावतो. मग तुम्ही म्हणता, बायका सहभाग घेत नाहीत. व्हॉट्सॲपवर सप्टेंबर २०२३ पासून आपल्याकडे ‘चॅनल’ची सोय आहे : कुणीही जोडून घ्यावं, जोडून घेणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि बोलतं फक्त चालवणारं खातं. दुसऱ्या कुठल्या ॲपवर अशी सोय असेल तर ते घ्या, माझा कंपनीसाठी आग्रह नाही. पण एका बाजूने बोललं की झालं, असंही नाही. विचारायला एक नंबर द्यावा लागेल आणि त्या नंबरावर उत्तर द्यावं लागेल.

हा नंबर सरपंचांच्या खिशातला नको. ग्रामपंचायतीच्या नावावर वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्याची नोंद दप्तरात करा. मी पाहिलेल्या बहुतेक गावांत ‘ग्रामपंचायत अमुक’ नावाचा ग्रुप असतो तो मुळात माजी सरपंचांचा. निवडणूक झाली, सत्ता पालटली, ते ग्रुप घेऊन घरी गेले. नव्या सरपंचांनी नवा काढला. आता गावात दोन ‘ग्रामपंचायत अमुक’ आहेत, दोन्हींवर गावच्या कमानीचाच फोटो, आणि पाणी सोडण्याच्या वेळा वेगवेगळ्या. चार्ज देताना रोकडवही, पावतीपुस्तकं, शिक्के सोपवता, तसं हे खातंही सोपवायचं असतं. पासवर्डासकट.

त्यावर काय टाकायचं? वाढदिवस टाकू नका. हात जोडून सांगते, आमदार-खासदारांचे, तुमचे आणि तुमच्या नेत्यांचे वाढदिवस त्यावर टाकू नका. एकदा त्या वाटेने केकचे फोटो यायला लागले की लोक ती म्यूट करतात, आणि ज्या दिवशी खरंच सांगायचं असेल त्या दिवशी ऐकायला कुणी नसतं. पाणी, लसीकरण, रेशन आलं का, तलाठी कोणत्या दिवशी बसणार, ग्रामसभेची तारीख, झालेले ठराव, निधी किती आला आणि कुठे गेला, एवढं पुरे. प्रत्येक निरोपात गावाचं नाव, तारीख आणि देणाऱ्याचं पद. आणि लिहिलेलं जमलं तर बोलूनही टाका. वाचता न येणारी म्हातारीसुद्धा व्हॉइस नोट ऐकते. जिथे अहिराणी, पावरी, गोंडी, कोरकू बोलतात तिथे त्या बोलीत टाका, सरकारी मराठीत सांगितलेलं तिथे अर्धंच पोचतं.

लाभार्थ्यांच्या याद्या टाकताना मात्र हात आवरा. घरकुलाच्या यादीबरोबर आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर असं सगळं एका फोटोत ढकललेलं मी किती वेळा पाहिलंय. पारदर्शकपणा म्हणून नावं जाहीर करावीत, जरूर. पण आधार आणि खातं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. अशा माहितीला जपण्यासाठी २०२३ साली कायदाही झाला आहे. अंगणवाडीतल्या पोरांचे फोटोही आईबापांना विचारल्याशिवाय नकोत.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ सरपंचांना सोशल मीडिया नकोसा वाटतो त्याचं खरं कारण अफवा नसतंच. कुणीतरी ‘गटारीचं बिल दोनदा निघालं का?’ असं विचारतं, हे कारण असतं. मग विचारणाऱ्याला ग्रुपातून काढतात, नाहीतर पोलीस ठाण्याची धमकी देतात. त्यांनी पालघरचीच दुसरी एक गोष्ट आठवावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर शहर बंद राहिलं, त्यावर एका मुलीने फेसबुकवर प्रश्न केला आणि दुसरीने तो लाइक केला. दोघींना अटक झाली. त्यावरून देशभर ओरड उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात असल्या मजकुराबद्दल अटकेची वाट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलमच रद्द झालं. प्रश्न विचारणं आणि अफवा पसरवणं यांतला फरक तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. तुमच्या सूचनावाटेवर लोक विश्वास ठेवतील की नाही, हे तुम्ही गटाराच्या बिलाचं उत्तर दिलंत की नाही यावर ठरणार आहे. बिलाबद्दल गप्प बसणाऱ्या ग्रामपंचायतीने ‘टोळी आलेली नाही’ म्हटलं, तर तेही कुणी खरं मानत नाही.

ग्रुप चालवणाऱ्या पोरांना दुसरी भीती असते : कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून मी तुरुंगात जाईन का? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा भीती नको. पण आग लावणारा मजकूर दिसल्यावर तो काढून टाकणं आणि ‘हे खोटं आहे’ लिहिणं, हे कायद्याने सांगितलं नाही तरी करायचं असतं. नुसता काढू नका. काढला की लोकांना वाटतं दाबलं. काढा, आणि का काढला ते लिहा.

बंदीबद्दल थोडक्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे त्याच वर्षापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. मला वडगावचं पटतं, बांशीचं कळतं पण पटत नाही. वडगावात मोठ्यांनीही फोन ठेवायचा असतो, हे त्यातलं खरं. कोरोनात शाळेनेच ज्या पोरांच्या हातात फोन दिला, त्यांना दोन वर्षांनी ‘फोन वाईट’ म्हणून सांगायचं आणि स्वतः ग्रामसभेत रील बघायची, हे चालत नाही. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन चालवता येणारी ती पोरगीच असते. सातबारा तीच काढते, आजीच्या गोळ्यांचं नाव तीच वाचते. तिला बंदी करण्यापेक्षा तिला सूचनावाटेच्या कामात घ्या.

फसवणुकीबद्दल मी इथे पानं भरू शकते, पण ते पोलीस सांगतातच. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम-किसान यांच्या नावाने येणारी एपीके, म्हणजे फोनात ॲप बसवणारी, फाइल उघडायची नाही. लाडकी बहीणच्या केवायसीसाठी फोनात आलेल्या लिंकवर जायचं नाही. व्हिडिओ कॉलवरून अटक कुठल्याच पोलिसांना करता येत नाही. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे लांब. आणि बिबट्या दिसल्याचा फोटो आला तर ढकलण्याआधी वन खात्याच्या १९२६ वर विचारायचं, कारण हल्ली तुमच्याच मारुतीच्या देवळासमोर बसलेला बिबट्या एआयने घरबसल्या तयार होतो. एवढं तुमच्या चॅनलवर महिन्यातून एकदा बोलून टाकलंत तरी माझ्या टेबलापुढची निम्मी रडारड थांबेल.

ठरावाचा मसुदा खाली देते. भाषा तुमच्या ग्रामसेवकांनी सुधारून घ्यावी.

‘ग्रामसभा असे ठरविते की, ग्रामपंचायतीच्या नावे स्वतंत्र मोबाइल क्रमांक घेऊन त्यावर अधिकृत सूचना चॅनल सुरू करावे. त्याची नोंद दप्तरात ठेवावी व पदभार देताना ते हस्तांतरित करावे. चॅनलवर व्यक्तींचे वाढदिवस, पक्षीय प्रचार व धार्मिक मजकूर प्रसारित करू नये. सुरक्षेविषयीची कोणतीही अफवा निदर्शनास आल्यास पोलीस पाटील यांनी खातरजमा करून त्याच दिवशी लेखी व ध्वनिमुद्रित खुलासा प्रसारित करावा. गावात येणाऱ्या भटक्या समाजातील व्यक्ती, फेरीवाले, साधू व वाटसरू यांची विचारपूस पोलीस पाटील यांनी करावी, इतर कोणीही त्यांना अडवू नये व त्यांचे चित्रीकरण करून प्रसारित करू नये. चॅनलचे काम पाहण्यासाठी तीन जणांची समिती नेमावी, त्यात किमान दोन महिला असाव्यात.’

भटक्यांबद्दलचं वाक्य कुणी ‘हे कशाला’ म्हणून गाळायला निघेल. ते गाळणार असाल तर बाकीचा ठराव केला नाहीत तरी चालेल.

आपली,
तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवणारी एक बाई

ता. क. ज्या वाड्या-पाड्यांवर आजही रेंज येत नाही, तिथल्या सरपंचांनी हे पत्र बाजूला ठेवू नये. तिथे बाजाराच्या दिवशी फोन रेंजमध्ये येतो आणि आठवड्याभराचं सगळं एकदम येऊन पडतं, जुनं कुठलं आणि आजचं कुठलं ते कळत नाही. अशा गावांनी आपली सूचना बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टाकावी, आणि तीच मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रेशन दुकानाच्या दारावर लावावी.